इंग्रजी आपली मातृभाषा नसताना तांत्रिक टॉक देताना ऐकणाऱ्याला नेमकं काय जड जातं?

तुमची परिस्थिती मला अशी समजली. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही ब्रेकच्या आवाजावर काम करता. पेपर जर्मनीतल्या परिषदेसाठी निवडला गेलाय, बोलायला १५ मिनिटं आणि प्रश्नांना ५. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून. कंपनीत सराव म्हणून टॉक दिलात तेव्हा परदेशी पाहुण्यांचं लक्ष तिसऱ्या-चौथ्या स्लाइडलाच उडालं, आणि त्याला आपले उच्चारच कारणीभूत आहेत असं तुम्ही धरून चाललात. म्हणून विचारताय: अ‍ॅक्सेंटचा क्लास लावू का, सगळं लिहून काढून वाचून दाखवू का, आणि बोलणं नाहीच कळलं तर निदान वाचता यावं म्हणून स्लाइडवर पूर्ण मजकूर टाकू का?

क्लास लावू नका. लिहून जरूर काढा, पण वाचून दाखवू नका. स्लाइडवर पूर्ण मजकूर तर अजिबात नको. मी वाहनांच्या आवाज-कंपनाच्या कामात बरीच वर्षं आहे आणि सहकाऱ्यांच्या रिहर्सल ऐकणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न अ‍ॅक्सेंटचा नाही. ऐकणाऱ्याकडे लक्ष देण्याची ताकद मर्यादित असते. त्यातली जितकी तुमचे शब्द ओळखण्यात खर्च होईल, तितकी तुमच्या ब्रेकसाठी कमी उरते. कुठल्या गोष्टी ही ताकद विनाकारण खातात ते शोधून तेवढ्याच दुरुस्त करायच्या. तीन-चार आठवड्यांत तेवढं होतं. अ‍ॅक्सेंट बदलणं होत नाही, आणि त्याची गरजही नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचे श्रोते जर्मन, इटालियन, चिनी, जपानी असणार, म्हणजे बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसेल. त्यांना तुमचं भारतीय इंग्रजी कधीकधी एखाद्या स्कॉटिश इंजिनियरच्या वेगवान इंग्रजीपेक्षा सोपं जातं. पण अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ग्राहकाशी फोनवर बोलायचं असतं तर मी काही गोष्टींवर जास्त भर दिला असता. हॉल मोठा आहे की लहान, माइक कॉलरला लावायचा आहे की टेबलावर ठेवलेला आहे, यानेही फरक पडतो. टेबलावरच्या माइकसमोर पडद्याकडे तोंड फिरवलंत की अर्धं वाक्य हवेत विरतं, आणि दोष मात्र उच्चारांवर जातो.

आता अ‍ॅक्सेंटबद्दल. मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ साली मँडरिनभाषकांचं इंग्रजी बोलणं इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ऐकवलं आणि ऐकलेलं लिहून काढायला सांगितलं. ज्या बोलण्याला ऐकणाऱ्यांनी ‘अ‍ॅक्सेंट फार जड’ असे गुण दिले, त्यातलंही बरंचसं त्यांनी शब्दन् शब्द बरोबर उतरवून घेतलं होतं. अ‍ॅक्सेंट जाणवणं वेगळं आणि बोलणं न कळणं वेगळं. आपण दोन्हींची गल्लत करतो आणि नको त्या गोष्टीवर महिने घालवतो.

तरीही अ‍ॅक्सेंटचा काहीच परिणाम होत नाही असं सांगून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकी आवाजातलं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान ऐकवलं. काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला होता, काहींसमोर आशियाई बाईचा. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना व्याख्यान कमी समजलं. पुढे २०१० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसार यांना आढळलं की ‘उंटापेक्षा जिराफ पाण्यावाचून जास्त दिवस काढू शकतो’ अशी साधी विधानंही परक्या अ‍ॅक्सेंटमध्ये ऐकली की लोकांना थोडी कमी खरी वाटतात. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम दिसला नाही, त्यामुळे तो सगळीकडे सारखाच असेल असं मी मानत नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्या हातात नसतं, म्हणून जे आपल्या हातात आहे ते चोख करायचं. तुमच्या बाबतीत ते म्हणजे आकडे, आलेख, चाचणीची पद्धत. पुरावा पडद्यावर स्वच्छ दिसत असेल तर विश्वास ठेवायला माणसाला तुमच्या अ‍ॅक्सेंटची मदत लागत नाही.

आपल्या बाजूची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ऐकणाऱ्याचा कान नव्या अ‍ॅक्सेंटला पटकन सरावतो. क्लार्क आणि गॅरेट यांच्या २००४ च्या प्रयोगांत परक्या अ‍ॅक्सेंटमुळे ऐकणाऱ्याचा वेग सुरुवातीला कमी झाला, पण साधारण मिनिटभरात बराचसा भरून निघाला. त्याआधी १९८४ मध्ये गॅस आणि वॅरोनिस यांनी दाखवलं होतं की विषय ओळखीचा असला की परक्या माणसाचं बोलणं सोपं जातं. या दोन गोष्टी जोडून पाहा, म्हणजे सुरुवात कशी करायची ते कळेल. पहिल्या मिनिटात महत्त्वाचं, नवीन, अवघड असं काहीही सांगू नका. हॉलमधल्या प्रत्येकाला आधीच माहीत असलेलं सांगा: डिस्क आणि पॅड यांच्यातल्या घर्षणामुळे काही ठरावीक वारंवारितांना कंपन आपोआप वाढत जातं, ब्रेक आपलं काम नीट करत असतो, तरी गिऱ्हाईक कर्कश आवाजाची तक्रार घेऊन गाडी परत आणतं. हे सगळं त्यांना पाठ आहे. तेवढ्या वेळात त्यांचा कान तुमच्या आवाजाला लागतो. आमच्याकडे अनेक जण नेमकं उलटं करतात. नाव सांगितलं की लगेच दुसऱ्या स्लाइडवर कॉम्प्लेक्स आयगेनव्हॅल्यूचं, म्हणजे कुठलं कंपन वाढत जाईल ते काढायचं, गणित! तुमच्या सरावातही असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे, कारण लक्ष तिसऱ्या-चौथ्या स्लाइडला उडालं म्हणता.

आता शब्दांकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात कमी कष्टांत सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो. तुमच्या टॉकमधले असे दहा-बारा शब्द काढा की ते कळले नाहीत तर पूर्ण टॉक कळणार नाही. ब्रेकच्या टॉकमध्ये ते साधारण ठरलेले असतात: पॅड, डिस्क, कॅलिपर, डॅम्पिंग, कोइफिशंट, पॅरामीटर, कम्पोनंट, डायनॅमोमीटर (ब्रेक फिरवून तपासायचं यंत्र). बाकीचे हजार शब्द कसेही उच्चारलेत तरी संदर्भावरून कळतात. हे दहा-बारा मात्र अचूक हवेत, आणि अचूक म्हणजे लंडनसारखे नव्हेत. दोन गोष्टी सांभाळल्यात की पुरे.

पहिली गोष्ट जोर. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची गिळली जातात, आणि ऐकणारा त्या जोराच्या अक्षरावरून शब्द शोधतो. आपण ‘पॅरामीटर’ म्हणताना ‘मी’ लांबवतो, त्यांच्या कानाला जोर ‘रॅ’ वर हवा असतो. ‘कम्पोनंट’मध्ये ‘पो’ वर, ‘कोइफिशंट’मध्ये ‘फि’ वर. ‘डायनॅमोमीटर’मध्ये तो मधल्या ‘मॉ’ वर येतो, शब्द काहीसा ‘डायनमॉमिटर’ असा ऐकू येतो. हा शब्द जिभेवर बसत नसेल तर सरळ ‘डायनो’ म्हणा. टेस्ट लॅबमधले सगळे तसंच म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट हवेची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क या आवाजांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. आपल्या ‘पाणी’तल्या ‘प’ला तसा झोत नसतो. त्यामुळे आपला ‘प’ इंग्रजी कानाला ‘ब’च्या जवळ जातो. एका सहकाऱ्याच्या रिहर्सलला आम्ही लॅपटॉपवर लाइव्ह कॅप्शन, म्हणजे बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारी सोय, सुरू ठेवली होती. तो ‘ब्रेक पॅड’ म्हणत होता आणि पडद्यावर मधूनमधून ‘ब्रेक बॅड’ उमटत होतं. विषयच पॅडचा असल्यामुळे ही चूक प्रत्येक स्लाइडवर येत होती. त्याला म्हटलं, तळहात ओठांसमोर धर आणि ‘पॅड’ असं म्हण की तळव्याला वारा लागला पाहिजे. आधी ‘पाणी’, मग इंग्रजी ‘पॅड’, पुन्हा ‘पाणी’, पुन्हा ‘पॅड’. दोन्हींतला फरक एकदा तळहाताला कळला की जीभ शिकते. त्याने मीटिंग रूममध्ये सगळ्यांसमोर तसं केलं आणि कॅप्शनमध्ये ‘पॅड’ दिसायला लागलं. बाकीचा अ‍ॅक्सेंट होता तसाच राहिला, आणि ते ठीकच होतं.

कॅप्शनचा हा उपाय तुम्हीही करा, पण प्रत्येक चुकीच्या मागे लागू नका. सॉफ्टवेअर कधी बरोबर बोललेलंही चुकीचं लिहितं. तेवढे दहा-बारा शब्द नीट उमटतात का, एवढंच पाहा.

उच्चारांपेक्षाही जास्त नुकसान वेग करतो. घाबरलं की आपण वेग वाढवतो, आणि मराठी माणूस इंग्रजीत वेग वाढवतो तेव्हा शब्द एकमेकांना चिकटतात. सर्वसाधारण इंग्रजी बोलण्याचा वेग मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास असतो. तुम्ही १२० धरा. म्हणजे १५ मिनिटांना १८०० शब्द, त्यातून आलेख शांतपणे दाखवायला वेळ सोडला तर लिहिलेला मजकूर १५०० ते १६०० शब्दांच्या पुढे जाता कामा नये. तुमचा मजकूर मोजून पाहा, बहुधा बराच जास्त निघेल. मग वेग वाढवायचा नाही, मजकूर कापायचा. सहा निष्कर्ष असतील तर तीन ठेवा. उरलेले पेपरात आहेतच, ज्याला हवेत तो वाचेल.

हळू बोला म्हटलं की काही जण प्रत्येक शब्द सुटा सुटा म्हणायला लागतात. त्याने ऐकणं आणखी कठीण होतं. तीन-चार शब्दांचा अर्थपूर्ण तुकडा नेहमीच्या वेगाने म्हणा आणि तुकड्यानंतर थांबा. आपल्याला ‘सो व्हॉट वी डिड इज दॅट’ म्हणून तिथेच श्वास घ्यायची सवय असते. ऐकणारा त्या ‘दॅट’वर लटकून राहतो. थांबायचं ते गोष्ट पूर्ण झाल्यावर. नवी स्लाइड आली की दोन सेकंद काहीच बोलू नका. लोक तसेही पडद्याकडे बघत असतात, तुमचं ऐकत नसतात.

वाचून दाखवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. पूर्ण मजकूर लिहा, कारण लिहिताना विचार सुटा होतो आणि कोणत्या वाक्यात अडखळता ते कळतं. पण पेपरातली वाक्यं उचलू नका. ‘अ सिग्निफिकंट रिडक्शन इन स्क्वील ऑकरन्स वॉज ऑब्झर्व्ह्ड’ हे छापलेलं चालतं. तोंडाने म्हणायचं असेल तर ‘वी चेंज्ड द चॅम्फर. द स्क्वील केम डाउन.’ (पॅडची तिरपी कापलेली कड बदलली, कर्कश आवाज कमी झाला.) वाक्यं दोन, शब्द साधे, चूक व्हायला जागा नाही. मजकूर मोठ्याने वाचत वाचत असा बदलून घ्या. मग तो बाजूला ठेवा आणि प्रत्येक स्लाइडचं फक्त पहिलं वाक्य पाठ करा. पहिली दोन मिनिटं आणि शेवटचं अर्धं मिनिट मात्र शब्दन् शब्द पाठ हवं. मधलं वाक्य चुकलं, काळ चुकला, ‘द’ राहून गेला, तरी कोणी हिशोब ठेवत नाही. हॉलमधल्या बहुतेकांची तीच अवस्था असते.

वाचल्याने नेमकं काय बिघडतं, याचा एक छान प्रयोग आहे. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एकाच मजकुराचे दोन व्हिडिओ दाखवले. कॅलिको रंगाच्या मांजरी जवळजवळ नेहमी माद्याच का असतात, हा विषय होता. एका व्हिडिओत बाई ताठ उभी राहून, समोर बघत, सहज बोलते. दुसऱ्यात तीच बाई पोक काढून, कागदात बघत, अडखळत वाचते. पहिला व्हिडिओ पाहणाऱ्यांना आपल्याला बरंच समजलंय असं वाटलं. चाचणी घेतली तर दोन्ही गटांना आठवलेलं साधारण सारखंच निघालं. या प्रयोगाने मला माझ्या कामात फार मदत केली. सादरीकरणाची ऐट छापावर परिणाम करते, समज मात्र मांडणीतून येते. तुम्हाला दोन्ही हवं आहे, कारण १५ मिनिटांच्या टॉकमध्ये चहाच्या वेळी कोण तुमच्याशी येऊन बोलेल हे बरंचसं छापावर ठरतं. पण दिवस थोडे असतील तर आधी मांडणी, मग हातवारे. आणि एखाद्याला खरोखरच भीतीने शब्द सुचेनासे होत असतील, तर गप्प उभं राहण्यापेक्षा बोलीतल्या छोट्या वाक्यांचा कागद समोर धरून वाचलेलं बरं. तेवढी सूट मी देतो.

स्लाइडवर पूर्ण मजकूर टाकलात तर लोक वाचतात आणि तुमचं ऐकणं बंद करतात. वाचनाचा वेग बोलण्यापेक्षा जास्त असतो, ते पुढे जाऊन थांबतात आणि फोन काढतात. मग स्लाइडने तुमच्या उच्चारांना आधार कसा द्यायचा? पेन स्टेट विद्यापीठातले मायकल अ‍ॅली अनेक वर्षं एक पद्धत शिकवत आले आहेत: स्लाइडच्या डोक्यावर ‘रिझल्ट्स’ असा शब्द न लिहिता त्या स्लाइडचं म्हणणं एका पूर्ण वाक्यात लिहायचं, आणि खाली त्याचा पुरावा म्हणून चित्र किंवा आलेख. आपल्यासारख्यांना ही पद्धत फारच सोयीची आहे. तुमचं बोलणं अर्धं निसटलं तरी वर वाक्य आहे, खाली आलेख आहे, माणूस हरवत नाही. जोडीला एक सवय लावून घ्या. महत्त्वाचा शब्द पहिल्यांदा तोंडून निघेल त्याच क्षणी तो पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसला पाहिजे. रुबी या संगणकभाषेत काम करणारे जपानी प्रोग्रॅमर मासायोशी ताकाहाशी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तर संपूर्ण स्लाइडवर एक-दोनच अवाढव्य शब्द ठेवते. इतक्या टोकाला जाण्याची गरज नाही, पण शब्द कानाने चुकला तर डोळ्याने पकडावा, ही त्यातली सोय आपण घ्यावी.

आलेख दाखवताना आधी आडवा अक्ष काय, मग उभा अक्ष काय, ते बोलून दाखवा आणि मगच निष्कर्षाकडे या. आपण महिनोन् महिने तो आलेख पाहिलेला असतो, त्यांनी नाही. आकड्यांत लाख-कोटी अजिबात नको. ‘साडेतीन लाख किलोमीटर’ हे ‘थ्री हंड्रेड फिफ्टी थाउजंड’ असं आधीच लिहून ठेवा, ऐन वेळी मनात रूपांतर करायला गेलात की हमखास अडकाल. घर्षणांक ०.३५ असेल तर नुसतं ‘पॉइंट थ्री फाइव्ह’ न म्हणता सुरुवातीचा ‘झीरो’ही म्हणा. सुरुवातीचा ‘पॉइंट’ निसटला तर उरतो नुसता ‘थर्टी फाइव्ह’.

एवढं सगळं लक्षात ठेवणं जड वाटत असेल तर क्रम असा धरा: आधी मजकूर कापणं, मग दहा-बारा शब्द, मग पहिली दोन मिनिटं पाठ, मग स्लाइडची शीर्षकं. आवाज रेकॉर्ड करून ऐका. तुमच्या विषयातला नसलेला एक सहकारी समोर बसवा आणि टॉक संपल्यावर त्याला विचारा, ‘तुला काय कळलं ते तूच सांग.’ ‘छान झालं’ या उत्तरावर थांबू नका. पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची सियाट ही वाहन-तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरेल तेव्हा जमलं तर जाऊन परदेशी वक्त्यांना ऐका. ज्यांचं म्हणणं तुम्हाला सहज कळेल, ते काय करतात ते टिपून घ्या.

आता राहिली शेवटची ५ मिनिटं. याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेकांची गाडी इथेच अडते. टॉकमधलं इंग्रजी तुमचं असतं, प्रश्नातलं दुसऱ्याचं, आणि त्याचाही अ‍ॅक्सेंट तुम्हाला नवा. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. ऐकणाऱ्यांच्या मनातून माणूस उतरतो तो इथे. नुसतं ‘पार्डन?’ म्हणालात तर तोच प्रश्न त्याच वेगात पुन्हा येतो. त्याऐवजी कळलेला भाग बोलून दाखवा: ‘तुम्ही डायनोवरच्या चाचणीबद्दल विचारताय की गाडीवरच्या?’ अशा प्रश्नाला तो एका शब्दात उत्तर देतो आणि तुम्हाला नेमका धागा मिळतो. कळलेला प्रश्नही उत्तराआधी आपल्या शब्दांत एकदा म्हणा. मागच्या रांगेला तो ऐकू आलेला नसतो, आणि तुम्हाला विचार करायला काही सेकंद मिळतात. सत्राध्यक्षांना टॉकआधी भेटून आपलं नाव कसं उच्चारायचं ते सांगा. त्या ओळखीमुळे प्रश्न अडला तर तेच तो सोपा करून देतात.

तुमच्या कामावर येऊ शकणारे प्रश्न तुम्हालाच सगळ्यात चांगले माहीत आहेत. आवाज किती डेसिबलच्या वर गेला की स्क्वील धरला, ओलाव्याचा परिणाम तपासला का, शिम (पॅडमागची पातळ पट्टी) बदलून पाहिला का, चाचणी एसएई जे २५२१ या ब्रेकच्या आवाजासाठीच्या मानकाप्रमाणे केली की स्वतःच्या पद्धतीने. प्रत्येकाला एक जादा स्लाइड करून शेवटी ठेवा, तिच्यावर आलेख आणि एक वाक्य. प्रश्न आला की ती उघडा आणि आलेखाकडे बोट दाखवून दोन वाक्यं बोला. लांब उत्तर देऊ नका. खोलात जायचं असेल तर ‘चहाच्या वेळी आकडे दाखवतो’ म्हणा, आणि खरोखरच लॅपटॉप घेऊन त्याला गाठा.

तुमच्या दहा-बारा शब्दांची यादी झाली की मला लिहून कळवा. प्रत्येकात जोर कुठल्या अक्षरावर येतो ते मी खूण करून देतो.